एल्कच्या मागावर धनुष्य घेऊन : पहिल्या शिकारीचे नियोजन शेवटापासून का करावे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात दर वर्षी २ ते ३० सप्टेंबर या काळात धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार करण्याचा हंगाम असतो. परराज्यातून येणाऱ्या शिकाऱ्याला त्यासाठीचा परवाना राज्याच्या बऱ्याच भागात अनेक वर्षे पैसे भरून सरळ मिळत असे. किती परवाने द्यायचे, याला मर्यादाच नव्हती. २०२५पासून डोंगराळ पश्चिम भागासाठी ही सोय परराज्यातील धनुर्धाऱ्यांपुरती बंद झाली आणि त्यांना आधी सोडतीत नाव घालावे लागू लागले. ‘सुट्टी मिळाली की जाऊन येऊ’ असे म्हणणाऱ्या नवख्यांची त्यामुळे पंचाईत झाली आहे, कारण सप्टेंबरमधल्या शिकारीचा निर्णय आता एप्रिलच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर हा विषय बहुधा कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या बोलण्यातून येतो, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तर शिकारीचा परवाना सरकार देते हेच नवलाचे वाटते. हा लेख दोघांसाठी आहे. स्वबळावरची शिकार म्हणजे पैसे देऊन वाटाड्या न घेता, सार्वजनिक जमिनीवर, आपला तंबू आणि शिधा आपणच वाहून केलेली शिकार. अशा पहिल्या मोहिमेचा विचार लोक धनुष्यापासून सुरू करतात. माझ्या मते तो अगदी उलट टोकाकडून, म्हणजे मारलेल्या जनावराचे मांस डोंगरावरून खाली कसे आणायचे या प्रश्नापासून सुरू करायला हवा, कारण त्या एका उत्तरावर बाकीचे बहुतेक निर्णय अवलंबून असतात.

एल्क म्हणजे नेमका कोणता प्राणी?

एल्क हे उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण आहे. शॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेत त्याला ‘वापिती’, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभागाचा, असे म्हणतात. युरोपात मात्र ‘एल्क’ हा शब्द मूस या वेगळ्याच प्राण्यासाठी वापरतात आणि शब्दकोश पाहणाऱ्याचा त्यामुळे नेहमी घोटाळा होतो. आपल्या ताडोबा-मेळघाटातले सांबर डोळ्यांपुढे आणले तर साधारण कल्पना येते. मात्र नात्याने एल्कला अधिक जवळचा आहे तो काश्मीरचा हंगुल. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढीचा नर सुमारे ३०० ते ३२० किलोंचा आणि खांद्याशी दीड मीटर उंच असतो, तर मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते. कोलोरॅडोत एल्कची संख्या तीन लाखांच्या आसपास असून, अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात ती इतकी नाही.

जे आपल्याकडे गुन्हा, ते तिथे परवान्याने कसे?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि आपली लोकसंख्या, उरलेली जंगले आणि प्राण्यांची अवस्था पाहता ती योग्यच आहे. त्यामुळे शिकार आणि संवर्धन ही दोन टोके एकत्र कशी नांदतात, ही शंका मराठी वाचकाला येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेनेही संहार पाहिलेला आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी त्या खंडात एल्कची संख्या सुमारे एक कोटी असावी असा अंदाज केला जातो. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ती एक लाखाच्याही खाली आली. त्यानंतर वन्य प्राण्यांच्या मांसाचा बाजार बंद झाला, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून एल्क पकडून कोलोरॅडोसह अनेक राज्यांत नेऊन सोडण्यात आले, आणि वन्य प्राणी कोणाच्याही खासगी मालकीचे नसून राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, हे तत्त्व रुजले. आज संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

या व्यवस्थेचा खर्च मोठ्या प्रमाणात शिकारीच उचलतात. १९३७च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव-कामासाठी राखून ठेवला आणि १९७२च्या सुमारास धनुष्यबाणही त्याच कराखाली आले. परवान्याचे शुल्क वेगळेच. कोणत्या भागात किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या, हे राज्याचा वन्यजीव विभाग दर वर्षी ठरवतो. ही पद्धत प्रत्येक देशाला लागू पडेल असे मी म्हणणार नाही, परंतु तिथे ती हिशेबाने चालते आणि शिकाऱ्याने स्वतःला त्या हिशेबाचा भाग समजले पाहिजे.

आधी ओझ्याचा हिशेब

जनावर दिसलेही नाही तोच मांसाची चिंता, म्हणजे बाजारात तुरी असे कोणी म्हणेल. पण आकडे पाहावेत. पूर्ण वाढीच्या नरापासून हाडे काढून सुमारे ९० किलो मांस निघते, मादीपासून ६५ ते ७० किलो. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे हा गुन्हा आहे, म्हणजे शिंगे घेऊन परत फिरण्याचा मार्ग कायद्यानेही बंद आहे आणि सभ्यतेनेही. चढउतारावर धडधाकट माणूस एका वेळी २२ ते २५ किलो वाहू शकतो असे धरले, तर नराच्या चार खेपा होतात.

आता तो नर गाडीपासून पाच किलोमीटरवर पडला आणि शिकारी एकटा आहे असे समजा. चार वेळा भरल्या पाठीने खाली यायचे आणि मधल्या तीन वेळा रिकाम्या पाठीने पुन्हा वर जायचे, म्हणजे पाच किलोमीटरच्या सात फेऱ्या, एकूण ३५ किलोमीटर. सप्टेंबरमध्ये दिवसाचे तापमान वीस अंशांच्या वर जाऊ शकते आणि मांस थांबत नाही. हेच जनावर दीड किलोमीटरवर पडले असते तर चाल साडेदहा किलोमीटर भरली असती, जी एका दिवसात होते. दोघे असतील तर पाच किलोमीटरवरूनही प्रत्येकाला १५ किलोमीटरच चालावे लागते. कळसूबाईच्या पायथ्याशी घर असलेल्या माणसाला माथ्यावरून चार वेळा धान्याचे पोते उतरवायला सांगितले, तर तो आधी विचारेल की सोबत कोण आहे. शिकाऱ्यानेही पहिला प्रश्न हाच विचारावा.

म्हणून एकट्या नवख्याने गाडीपासून दोन किलोमीटरपलीकडे बाण सोडू नये, असा नियम मी सुचवतो. आजूबाजूच्या गावांत घोडे किंवा खेचरे भाड्याने देऊन मांस उतरवून देणारे लोक असतात; हंगामाआधी त्यांच्याशी बोलून ठेवले तर ही मर्यादा वाढवता येते. एल्क नेहमी दुर्गम भागातच सापडतात हा समज अर्धाच खरा आहे. रस्त्याला लागून असलेली, पण उतार नको वाटावा इतका उभा किंवा पडलेल्या झाडांनी भरलेली एखादी घळ सगळे शिकारी ओलांडून पुढे जातात आणि कळप तिथेच निवांत बसलेला असतो. अशा जागा हेरणे हे नवख्याचे खरे काम.

सोडत, प्राधान्यगुण आणि तारखा

परवान्याची सोडत ही म्हाडाच्या घरांच्या सोडतीसारखी आहे, मात्र एका महत्त्वाच्या फरकासह. ज्याला पहिल्या पसंतीचा परवाना मिळत नाही, त्याच्या खात्यावर एक गुण जमा होतो. याला प्राधान्यगुण म्हणतात. पुढच्या वर्षी अधिक गुणवाल्याचा क्रमांक आधी लागतो, त्यामुळे प्रसिद्ध भागांसाठी लोक वीस-वीस वर्षे गुण साठवत बसतात. नवख्याने त्या रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. राज्य शिकारीसाठी क्रमांक दिलेल्या विभागांमध्ये वाटलेले आहे. कोणत्या विभागात मागच्या वर्षी किती गुणांवर परवाना मिळाला, हे राज्याचा विभाग दर वर्षी जाहीर करतो, आणि शून्य किंवा एका गुणात मिळणारे विभागही त्यात असतात. पहिली शिकार तिथेच करावी.

अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतात. अर्ज करण्याआधी छोट्या प्राण्यांच्या शिकारीचा किंवा तत्सम एक परवाना विकत घ्यावा लागतो, आणि १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. परराज्यातल्या माणसाला एल्कच्या परवान्यासाठी सुमारे ८०० डॉलर मोजावे लागतात. जो कोलोरॅडोत सलग सहा महिने राहिला आहे, त्याला रहिवासी दराने तो फार स्वस्तात मिळतो. मादी चालेल अशा परवान्याला नवख्याने कमी लेखू नये, कारण अनेक भागांत नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचे टोक पाच इंचांचे असावे लागते, आणि गर्द झाडीत ते मोजताना नवख्याचे हात थरथरतात.

जमीन कोणाची?

आपल्याकडे जसे गायरान, तशा अमेरिकेत पश्चिमेला केंद्र सरकारच्या अवाढव्य जमिनी आहेत, आणि त्यांपैकी राष्ट्रीय वने व भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक जमिनींवर शिकारीला मुभा असते. कोलोरॅडोतले व्हाइट रिव्हर हे राष्ट्रीय वन एकटेच सुमारे २३ लाख एकरांचे आहे आणि राज्यातला एल्कचा सर्वांत मोठा समूह त्याच परिसरात, फ्लॅट टॉप्स पठाराच्या आजूबाजूला असतो. नावातले साम्य पाहून राष्ट्रीय वन आणि राष्ट्रीय उद्यान यांत गल्लत करू नये, कारण रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे. खासगी जमिनीबाबत कोलोरॅडोचा नियम कडक आहे. तिथे पाटी किंवा कुंपण असो वा नसो, मालकाच्या परवानगीवाचून शिकारीसाठी पाऊल टाकता येत नाही. म्हणून मालकीच्या सीमा दाखवणारा नकाशा मोबाइलवर उतरवून घ्यावा. शेतकऱ्याला सात-बारा जितका आवश्यक, तितकाच हा.

याच विषयावरचा एक खटला अलीकडे गाजला. एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले, त्यामुळे वायोमिंगमध्ये कित्येक ठिकाणी सरकारी आणि खासगी जमिनींचा बुद्धिबळाचा पट तयार झाला. पटावरचा उंट जसा पांढऱ्या घरातून कोपऱ्याने दुसऱ्या पांढऱ्या घरात जातो, तसे दोन सरकारी तुकड्यांच्या सामाईक कोपऱ्यावरून पलीकडे जाता येईल का? २०२१मध्ये मिसुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ खासगी मातीला पाय न लावता शिडीवरून असा कोपरा ओलांडला आणि जमीनमालकाने त्यांच्यावर दावा लावला. मार्च २०२५मध्ये दहाव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने १८८५च्या कायद्याचा आधार घेऊन निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. सार्वजनिक जमिनीच्या दृष्टीने हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. तरीही तो त्या न्यायालयाच्या कक्षेतल्या राज्यांपुरताच आहे, मॉन्टानाला तो लागू नाही, आणि पहिल्या मोहिमेत कोपऱ्यांच्या भानगडीत न पडलेलेच बरे. वायोमिंगचा आणखी एक नियम स्वबळावर जाणाऱ्याने लक्षात ठेवावा. तिथल्या केंद्रीय संरक्षित रानात परराज्यातल्या शिकाऱ्याला वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय एल्क मारता येत नाही.

वारा समजला तर अर्धे काम झाले

एल्कचे डोळे फसवता येतात, कानांनाही कधी कधी चकवता येते, पण नाक फसवता येत नाही. म्हणून नकाशावर जागा निवडण्याआधी डोंगरातल्या वाऱ्याचा दिनक्रम समजून घ्यावा. कोकणात दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, हे आपण शाळेत शिकलो. डोंगरातही तोच न्याय आहे. रात्री थंड झालेली जड हवा ओढ्यासारखी उतारावरून खाली वाहत राहते. सकाळी ऊन उतारावर पडले की तासा-दोन तासांत हवा तापून वर चढू लागते, आणि संध्याकाळी सावली पडताच पुन्हा उलटते. दोन्ही वेळा उलटण्याच्या सुमारास अर्धा-पाऊण तास वारा कोठल्याच बाजूचा नसतो, आणि त्या वेळी कळपाजवळ जाणारा माणूस बहुतेक वेळा पकडला जातो. छोट्या बाटलीतली बारीक पूड हवेत सोडून वाऱ्याचा रोख दर पाच मिनिटांनी पाहणे, ही सवय महागड्या कपड्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

एल्कचा दिवसही याच वाऱ्याभोवती गुंफलेला असतो. ते रात्री मोकळ्या कुरणात चरतात, पहाटे चरत चरत वर सरकतात आणि दिवसभर उत्तरेकडच्या उतारावरच्या गर्द, थंड झाडीत बसतात. वर चढताना खालून येणारा माणूस सकाळच्या उतरत्या हवेत त्यांना लागत नाही. ऊन चढल्यावर मात्र त्याने कडेने जाऊन त्यांच्या पातळीवर किंवा वर पोहोचायला हवे. चारा, पाणी आणि बसण्याची सावली या तीन गोष्टी जवळजवळ असलेल्या जागा उपग्रहाच्या चित्रांवरून उन्हाळ्यातच शोधून ठेवाव्यात. पाच-सहा जागा हाताशी असाव्यात, एकच असू नये, कारण पहिल्या जागेवर दुसऱ्याची गाडी आधीच उभी असण्याची शक्यता फार असते. तिथे गेल्यावर ताज्या ओलसर लेंड्या, साल सोललेली झाडे आणि चिखलात लोळलेल्या नराचा उग्र वास हे सांगतील की नकाशा खरा होता की नाही.

सप्टेंबरच का, आणि त्यांना हाक मारावी का?

सप्टेंबरच्या मध्यापासून नर माजावर येतात. एरवी लपून राहणारा प्राणी या काळात स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगतो. नराची ती साद खालच्या पट्टीत सुरू होऊन शिट्टीसारखी चढत जाते आणि पहाटेच्या गारव्यात ती पहिल्यांदा ऐकणारा माणूस जागीच थबकतो. शिकारी तोंडात धरायच्या पातळ पडद्याने मादीची बारीक साद किंवा नराचे आव्हान काढून त्यांना जवळ बोलावतात. पण जिथे शिकारी पुष्कळ, तिथले नर या नकला ओळखू लागतात, आणि माद्यांचा कळप जमवलेला नर आव्हान ऐकून भांडायला न येता कळप हाकून निघून जातो. नवख्याने आधी ऐकावे आणि थोडेच बोलावे. येणारा नर जवळजवळ नेहमी वाऱ्याखालच्या बाजूने वळसा घालून वास घेत येतो, म्हणून दोघे असतील तर हाक देणाऱ्याने मागे तीस-चाळीस मीटरवर थांबावे आणि धनुर्धाऱ्याने पुढे, त्या वळशाच्या वाटेवर.

बाणाने जनावराचे हाल होत नाहीत का?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. बंदुकीची गोळी धक्क्यानेही मारते. बाण मात्र केवळ कापून, रक्तस्रावाने मारतो. वस्तऱ्याइतके धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून गेले तर एल्क बहुधा काही सेकंदांत कोसळतो. तेच पाते चार बोटे मागे, पोटात गेले तर त्याचे तासन्‌तास हाल होतात, आणि प्रसंगी जनावर सापडतही नाही. असे घडते, अनुभवी शिकाऱ्यांच्याही हातून घडते. म्हणून बाणाच्या शिकारीतली नीती बाण सोडण्यापूर्वीच्या निर्णयात असते.

आजचे बहुतेक शिकारी चाकांचे धनुष्य वापरतात. त्याच्या टोकांवरची लंबगोल चाके अशी फिरतात की दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो. ६० पाउंडांचे, म्हणजे २७ किलो ओढीचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर केवळ पाच-सहा किलो भारावर धरता येते, आणि नेम साधायला वेळ मिळतो. कोलोरॅडोत ओढ किमान ३५ पाउंड आणि पाते किमान ⅞ इंच रुंद असावे लागते, तर पायाच्या आधाराने ताणायच्या आडव्या धनुष्याला धनुर्धाऱ्यांच्या हंगामात सर्वसाधारणपणे परवानगी नाही. अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्यांसाठी एक बाब सांगण्यासारखी आहे. त्यांच्यावर बंदूक बाळगण्याबाबत केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत, ज्यांत शिकार-परवानाधारकांना काही सूट मिळते. धनुष्य मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीत मोडत नाही.

वेगाचा हिशेबही समजून घ्यावा. चांगल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो, म्हणजे ३६ मीटरवरच्या एल्कपर्यंत पोहोचायला त्याला चार दशांश सेकंदांहून अधिक वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो आणि तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकले तर फुप्फुसावरचा नेम पोटावर जातो. सरावाच्या मैदानावर साठ मीटरवरून नेम लागतो म्हणून डोंगरात साठ मीटरवरून सोडावा, असे होत नाही. गुडघ्यावर बसून, पाठीवर पिशवी, धापा टाकताना, दिवसातला पहिलाच बाण ज्या अंतरावरून छोट्या ताटलीत हमखास लागतो, ते आपले अंतर. बहुतेक नवख्यांसाठी ते तीस मीटरच्या आत भरते. एल्क आडवा किंवा किंचित पाठमोरा तिरका उभा असेल तरच दोरी सोडावी. समोरून तोंड करून उभा असेल तर नवख्याने वाट पाहावी.

बाण लागल्यावर लगेच धावू नये. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे असते आणि अर्ध्या तासाने मागावर जाता येते. काळपट रक्त, त्यात हिरवट अंश आणि घाण वास असेल तर बाण पोटात गेला आहे. अशा वेळी सहा ते बारा तास थांबावे लागते, कारण घाईने उठवलेले जखमी जनावर मैलोन्‌मैल जाते. रात्र उबदार असेल तर तोवर मांस नासण्याचा धोका असतो, आणि या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग म्हणजे तो बाण सोडलाच नसणे. जखमी जनावर शोधण्याचा मनापासून प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे. जनावर न सापडल्यास आपला परवाना वापरला गेला असे मानून घरी परतणारे शिकारी आहेत आणि मला त्यांचेच बरोबर वाटते.

मग वाटाड्या घेऊनच का जाऊ नये?

ज्याच्याकडे पाच दिवस आणि पुष्कळ पैसे आहेत, त्याने खुशाल जावे. धनुष्याने एल्क मिळवणाऱ्यांचे प्रमाण कोलोरॅडोत दहांत एक किंवा जेमतेम त्याहून थोडे अधिक असते, आणि वाटाड्या सोबत असला तर ते वाढते. परंतु ज्याला डोंगर वाचायला शिकायचे आहे, त्याला वर सांगितलेला वारा दुसऱ्याच्या पाठीमागे चालून कळत नाही.

उंची आणि मुक्काम

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०९ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्याइतके. शिकारीचा मुक्काम त्याच्याही दीड-दोन हजार मीटर वर असतो. पुण्या-मुंबईकडून किंवा टेक्ससमधून थेट तिथे पोहोचणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड होऊ शकते; म्हणून पहिले दोन दिवस मध्यम उंचीवर काढावेत, पाणी भरपूर प्यावे, आणि चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाद न घालता खाली उतरावे. रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडू शकते, दुपारी विजा होतात. मोबाइलला बहुतेक घळींत रेंज मिळत नाही, त्यामुळे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र सामानात असलेच पाहिजे आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवलेली असावी.

जनावर पडल्यानंतर

परवान्याला जोडलेल्या चिठ्ठीवर सही आणि तारीख तत्काळ घालावी. त्यानंतर घड्याळ सुरू होते. एल्कची कातडी जाड ब्लँकेटसारखी असते आणि ती तशीच राहिली तर मांडीच्या हाडाजवळचे मांस थंड रात्रीतही आतून नासते. म्हणून पोट न फाडता एका बाजूची कातडी सोलून त्या बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि पाठीची लांब पट्टी काढायची, मग जनावर उलटवून दुसरी बाजू, आणि शेवटी कमरेच्या आतल्या बाजूची कोवळी पट्टी, अशी पद्धत एकट्या माणसाला सोयीची पडते. नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवणे बंधनकारक आहे. मांस हवेशीर सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगावे, आणि ते सांगाड्यापासून शंभरेक मीटर दूर असावे, कारण वास काढत अस्वल येते. कोलोरॅडोत फक्त काळी अस्वले आहेत; वायोमिंग आणि मॉन्टानात ग्रिझली असतात आणि तिथे ही काळजी दुपटीने घ्यावी लागते.

एक रोग मात्र प्रत्येकाने नावानिशी माहीत करून घ्यावा. हरणांच्या मेंदूत विकृत प्रथिने साठून जनावर खंगत जाऊन मरते, त्याला इंग्रजीत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणतात; मराठीत क्षयी खंगरोग म्हणता येईल. तो प्रथम १९६७ साली कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्स येथे बंदिस्त हरणांत दिसला आणि १९८१मध्ये रानातल्या एल्कमध्ये सापडला. शिजवल्याने ही प्रथिने नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. यामुळेच मेंदू आणि पाठीचा कणा दुसऱ्या राज्यात नेण्यास अनेक राज्यांत मनाई आहे. हाडे काढलेले मांस नेता येते. डोक्याचा नमुना राज्याच्या विभागाकडे तपासणीसाठी द्यावा, मांसाच्या पुड्यांवर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहावा, आणि निकाल येईपर्यंत त्या इतर मांसापासून वेगळ्या, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. निकाल निर्दोष आला की नळीचे मांस प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर आणि पाठीची पट्टी तव्यावर थोडकाच वेळ, असे शिजवावे. एल्कच्या मांसात चरबी फार कमी असते आणि मटणासारखे तेलातुपावर सोडून दिले तर ते चामट होते.